अर्धापूरचा खोटा पत्ता

टीबीच्या गोळ्या सुरू झालेला माणूस पहिल्या दोन-चार महिन्यांत जेवढं खोटं बोलतो, तेवढं सगळं मी बोलून चुकलो आहे. खोकला एसीचा आहे, वजन उन्हानं उतरलंय, गोळ्या ताकदीच्या आहेत. म्हणून हे लिहायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी समजतो. कोणती गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. मी सांगतोय ते डॉक्टर सांगत नाहीत, कारण ते त्यांच्या कार्डावर येतच नाही.

माझं नाव उत्तम. गाव चाकूरच्या अलीकडे, रस्त्यापासून अर्धा कोस आत. तरुणपणी मी फुटबॉल खेळायचो आणि त्यावरच पोट भरायचो. आमच्याकडे हे सांगितलं की लोक आजही माना डोलावतात आणि मग विचारतात, "ते ठीक हाय, पन काम काय करायचा?"

शिकायला म्हणून वडिलांनी मला नांदेडच्या वसतिगृहात ठेवलं होतं. शाळेमागच्या मैदानावर मोठी माणसं खेळायची. हैदराबादेत खेळून आलेली, बोलणं उर्दू आणि पाय वाऱ्यासारखे. त्यांनी मला मधल्या फळीत उभं केलं. त्या जागेला तेव्हा आम्ही 'हाफ' म्हणायचो. हाफनं मागून चेंडू घ्यायचा, पुढं द्यायचा आणि दोन्हीकडं धावायचं. नाव गोल मारणाऱ्याचं होतं, पाय हाफचे दुखतात. तरी मला तीच जागा आवडायची, कारण सगळं मैदान तिथून दिसतं. पुढं हैदराबादेत एका सरकारी खात्याच्या संघात सहा वर्षं काढली, शांताशी लग्न झालं, करुणा झाली आणि सव्विसाव्या वर्षी मला मस्कतच्या एका क्लबानं बोलावलं. कागदावर मी गोदामाचा स्टोअरकीपर होतो. पगार मात्र खेळायचा होता.

चाकूरजवळच्या बौद्धवाड्यातला माणूस फुटबॉल खेळायला विमानानं गेला, ही बातमी गावात कितीतरी दिवस पुरली.

शहाणा खेळ

दुसऱ्या हंगामात माझा दम तुटायला लागला. पहिली वीस मिनिटं बरी जायची, मग छातीत काहीतरी अडायचं. तेव्हा मी काय केलं? धावणं कमी केलं. चेंडू आला की पायात ठेवायचाच नाही, आल्याआल्या एका स्पर्शात पुढच्याला द्यायचा. कोण कुठं पोचणार हे आधीच बघून ठेवायचं, म्हणजे आपल्याला पोचायला नको.

आमचे प्रशिक्षक सुदानी होते, उंच आणि फार कमी बोलणारे. ते एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "उत्तमकडं बघा. आता तो शहाणा खेळायला लागलाय." तिथल्या प्रेक्षकांनाही मी आवडायला लागलो. वजन उतरलं तर म्हणाले, काय चपळ झालाय. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला हंगाम मी टीबी अंगात घेऊन खेळलो, आणि ते मला किंवा कुणालाच कळलं नाही. खरं सांगायचं तर मला थोडंफार कळत होतं. पण कौतुक होत असताना कोण उगाच डॉक्टरकडं जातो?

त्या हंगामानंतर मी महिनाभराच्या रजेवर गावी आलो. करुणा तेव्हा तीन वर्षांची होती. एवढ्या दिवसांनी बाप दिसला म्हणून ती मला सोडेना. महिनाभर ती माझ्याच अंथरुणात, माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपली. मी खोकलो की ती माझ्या पाठीवर थापट्या मारायची.

छातीचा फोटो

परत गेल्यावर वर्षभरानं मुक्कामाचा परवाना नवा करायचा होता. त्यासाठी रक्त तपासतात आणि छातीचा फोटो काढतात. फोटो काढणाऱ्या केरळी नर्सनं मला दुसऱ्यांदा उभं केलं, मग तिसऱ्यांदा. मी गमतीत म्हणालो, "बहनजी, इतना अच्छा दिखता हूँ क्या?" ती हसली नाही. "भाई, आप जरा बैठो," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात जी माया होती तिनंच मी घाबरलो.

डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या काचेवर लावून दाखवला. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला पांढरट ढग होता. चार दिवसांत माझी रवानगी झाली. तिथला कायदाच तसा होता, त्यात कुणाचा राग नव्हता. विमानतळावर प्रशिक्षक आले. हात हातात घेतला, तोंडाला रुमाल वगैरे लावला नाही. म्हणाले, "बरा हो आणि ये. तुझी जागा मी ठेवतो."

ते वाक्य मी छातीशी धरून विमानात बसलो. पुढच्या वर्षभरात मी जे जे केलं, ते या एका वाक्यासाठी केलं. मला परत जायचं होतं. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं.

नवा जिल्हा

खरं म्हणजे मी सरळ घरी जायला हवं होतं. लातूर जिल्हा नवाच झाला होता. आधी आमची सगळी कामं उस्मानाबादला असायची, एक दाखला काढायला दिवस मोडायचा. आता लातूर तासाभरावर आलं. भाड्याच्या घरांत कचेऱ्या उघडल्या होत्या, पाट्यांचा रंग ओला होता आणि कारकून जुन्या छापील कागदावरचं उस्मानाबाद खोडून वर लातूर लिहीत बसायचे. क्षयरोग केंद्रही नवं उघडलं होतं.

माझी अडचण तीच होती. नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघाल्या आणि त्या जागांवर आपलेच लोक लागले. कुठल्याही खिडकीशी उभं राहा, आत कुणीतरी पाहुणा बसलेला. क्षयरोग केंद्रात तर शांताचा मावसभाऊ प्रल्हादच कारकून होता. आमच्या पोरांना नोकऱ्या लागल्या म्हणून आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते, आणि आता त्याच पोरांपुढं थुंकीची डबी घेऊन उभं राहायची मला लाज वाटत होती. शिवाय मी मनाशी धरलं होतं की आपल्या जिल्ह्याच्या टीबीच्या रजिस्टरात नाव चढलं की ते पासपोर्टपर्यंत पोचतं. असं काही नसतं. पण मी कुणाला विचारलंच नाही, तर कोण सांगणार?

म्हणून मुंबईहून मी थेट नांदेडला गेलो आणि सरकारी दवाखान्याच्या टीबी वॉर्डात भरती झालो. घरी पत्र टाकलं की हैदराबादेत जुन्या संघाकडं थांबलोय.

वॉर्डात कार्ड भरायला सलीमभाई आले. ते तिथले आरोग्य कर्मचारी. रुग्ण गोळ्या न्यायला आला नाही तर सायकल काढून त्याच्या घरी जायचं, हे त्यांचं काम. त्यांनी नाव विचारलं, मी खरं सांगितलं. पत्ता विचारला. चाकूर म्हटलं तर म्हणतील, तुमचा जिल्हा लातूर, तिकडं जा. मैदानावर असताना अर्धापूरची केळी खाल्लेली आठवत होती. म्हणालो, "अर्धापूर. केळीच्या बाजाराजवळ."

"लगीन?"

"न्हाई."

"लेकरं?"

"अवो, लगीनच न्हाई तर लेकरं कुठली!" असं म्हणून मी हसलो. सलीमभाईही हसले आणि त्यांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारली.

वॉर्ड

दोन महिने रोज सकाळी इंजेक्शन. आज डाव्या बाजूला, उद्या उजव्या. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर बसायचं कसं हाच मोठा प्रश्न. फुटबॉलपटूला पायाचं दुखणं माहीत असतं, हे दुखणं वेगळ्याच जागी होतं. सकाळी ब्रेड आणि दूध, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर छताकडं बघणं. भीती दुपारीच यायची. सकाळी कुणी ना कुणी बोलायला असायचं, संध्याकाळी नातेवाईक यायचे. दुपारी सगळे आपापल्या छातीचा आवाज ऐकत पडलेले.

शेजारच्या खाटेवर मुखेडकडचे एक म्हातारे होते. गावोगावचे बाजार फिरलेले. ते मला रोज अर्धापूरबद्दल विचारायचे. यंदा बाग कशी हाय, पाणी कितपत पुरलं, घड कितीला उतरला. मी हं हं करायचो. एकदा मी बाहेरून चार केळी आणली आणि त्यांनाही दिली. म्हाताऱ्यांनी केळं हातात फिरवलं आणि म्हणाले, "अर्धापूरचा माणूस केळी इकत आणून खातो व्हय रे?"

मी सालं गोळा करायला लागलो.

"असू दे," ते म्हणाले. "मी बी घरी सांगितलंय, हर्नियाचं आपरेशन हाय म्हणून."

मग आम्ही दोघंही हसलो आणि खोकत बसलो. ते नंतर सव्वा महिन्यानं वारले. त्यांचा मुलगा प्रेत न्यायला आला तेव्हा डॉक्टरांना विचारत होता, हर्नियानं माणूस जातो का.

हे मी डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं, आणि तरीही शहाणा झालो नाही.

तळ्यातलं मैदान

दोन महिन्यांनी इंजेक्शनं संपली, खोकला थांबला. महिन्याच्या गोळ्या बरोबर घेऊन मी घरी आलो. शांताला सांगितलं, गुडघा दुखावलाय, क्लबानं विश्रांती दिलीय. गोळ्यांचा डबा बॅगेत तळाशी, बुटांच्या खाली. दर महिन्याला नांदेडला जायचं कारण म्हणजे तिथल्या मुलांना खेळ शिकवतो. शांतानं सगळं मान्य केलं. तिला वेळही नव्हता.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला होता. विहिरी तळाला गेल्या. टँकर यायचा तेव्हा घागरी आधी पळायच्या, बाया मागून. शांता रोजगार हमीच्या कामावर जायची, पाझर तलावाच्या भिंतीवर खडी फोडायला. मस्कतला खेळणाऱ्याची बायको खडी फोडायला जाते म्हणून मला राग यायचा. ती म्हणायची, "तुमचं मस्कत मस्कतला. हितं चूल हाय." माझी आई, म्हणजे माय, मला बघून म्हणायची, "लई वाळलास रं. तिकडं खायला देत न्हाईत का?" आणि स्वतःच्या ताटातली भाकरी माझ्याकडं सरकवायची.

गावचं तळं पूर्ण कोरडं पडलं होतं. तळाची माती सुकून घट्ट आणि सपाट झालेली. मस्कतच्या मैदानापेक्षा ती जमीन चांगली होती, हे मी लाजत सांगतो. सगळं गाव त्या तळ्याकडं बघून उसासे टाकायचं आणि मी रोज सकाळी तिथं धावायचो. आधी एक फेरी, मग पाच, मग दहा. अंग भरलं, दम आला. चौथ्या महिन्यात प्रशिक्षकांचं पत्र आलं. हंगाम दोन महिन्यांवर आलाय, कसा आहेस?

मी उत्तम होतो. गोळ्यांनी मळमळायचं, त्या घेतल्या की सकाळचं धावणं बिघडायचं. बरं झालेल्या माणसानं गोळ्या कशाला खायच्या? मी नांदेडची एक खेप चुकवली. मग दुसरी.

याच दिवसांत करुणा माझ्या मागं मागं तळ्यात यायची. आता ती पाच वर्षांची होती. एकदा मी लांबून तिला चालत येताना बघितलं. बावीस माणसांच्या गर्दीत कुणाचा पाय जरा अडखळतोय हे मला एका नजरेत कळायचं, तेवढं एकच काम मला नीट येत होतं. करुणाचा डावा पाय टेकताना टाच उशिरा खाली यायची. शरीर हलकंच उजवीकडं झुकायचं. मला ते दिसलं. मी ओरडलो, "नीट चाल की गं!"

ती घाबरली आणि चार पावलं नीट चालली. ती चार पावलं मला अजून दिसतात.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सातव्या फेरीला, मला खोकला आला. हातावर बघितलं तर रक्त. खाली बसलो, पुन्हा आलं. शांता कामावरून परतताना बांधावरून चालली होती. टोपलं टाकून ती तशीच धावत तळ्यात उतरली.

खिडकीशी

बुटांखालचा डबा तिलाच सापडला. ती सातवी शिकलेली होती. पुडीवरचं तिनं वाचलं आणि मला दाखवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही लातूरला निघालो. करुणा घरी राहीना, म्हणून ती आणि माय सोबत.

क्षयरोग केंद्राच्या खिडकीत प्रल्हाद. मला बघून तो उठला, "जय भीम भाऊजी, कवा आलाव?" मी काहीतरी पुटपुटणार तोवर शांता पुढं झाली.

"प्रल्हाद, लिही. नाव उत्तम. गाव तुला ठावं हाय. आजार टीबी. नांदेडला औषध चालू हुतं, मधी सोडलंय."

प्रल्हादनं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "अक्का, हळू बोल. लोकं हायती."

"हळू कामून? आमी चोरी केली का कुणाची?"

माझ्या आयुष्यात मी मोठमोठ्या मैदानांवर लोकांचा गलका ऐकला. पण त्या दिवशी शांताच्या आवाजापुढं मला जेवढं लहान वाटलं, तेवढं कुठंही वाटलं नाही. आणि खरं सांगतो, पाठीवरचं एक ओझंही उतरलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

निदान मला तसं वाटलं. प्रल्हादनं लिहिता लिहिता विचारलं, "घरातल्या लेकरांना तपासावं लागतं, भाऊजी. करुणा आलीय न्हवं?"

डॉक्टर बाई होत्या, तरुण, नुकत्याच रुजू झालेल्या. त्यांनी करुणाला बिस्कीट दिलं आणि व्हरांड्यात थोडं चालून दाखवायला सांगितलं. करुणानं आधी माझ्याकडं बघितलं. मग नीट चालायचा प्रयत्न करत चालली. डॉक्टरबाईंचा चेहरा बदलताना मी बघितला. मला जे तळ्यात दिसलं होतं, तेच त्यांना दिसलं. फरक एवढाच की त्या ओरडल्या नाहीत.

खुब्याच्या सांध्याचा टीबी. घरात मोठ्याला आजार असला की लहानाला असा होतो, लगेच नाही, वर्ष-दीड वर्षानंही होतो. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "पाच-सहा महिने आधी कळलं असतं तर सांधा वाचवता आला असता. आता जेवढा वाचेल तेवढा वाचवू."

पाच-सहा महिने आधी मी नांदेडला कार्ड भरत होतो.

आम्हा दोघांनाही लातूरच्याच दवाखान्यात भरती केलं. शांता तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "मला कामून न्हाई सांगितलाव? म्या काय टाकलं असतं का तुमाला?"

"मला परत जायचं होतं."

"मंग जावा की. पन आदी तिला चालू द्या."

सलीमभाई

आधी कोणती औषधं किती दिवस घेतली हे डॉक्टरबाईंना हवं होतं. थोडी ताकद आल्यावर मी जुनं कार्ड आणायला नांदेडला गेलो. सलीमभाई टेबलाशी बसले होते. मला बघून ते उभे राहिले.

"जिंदा हैं आप!" ते म्हणाले. चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद. "अवो, मी तीनदा गेलो अर्धापूरला. सायकलीवर. केळीच्या बाजारात एकेकाला इचारलं, इथं उत्तम म्हणून कोन ऱ्हातो. तिसऱ्यांदा तर लोकं हसून ऱ्हायले होते मला."

मी सगळं सांगितलं. गाव, बायको, करुणा, खुबा. ते ऐकत होते. मग त्यांनी कपाटातून माझं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्या रकान्यातली आडवी रेघ समोर होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ही रेघ मी मारली," ते म्हणाले. "मी घरी आलो असतो ना, तर आधी लेकराचंच बघितलं असतं. आमचा कायदाच हाय तसा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा पाजला, कार्डावर बदलीचा शेरा मारला आणि एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडीत मी रडलो. लोक बघत होते, बघू दिलं.

दोघांच्या गोळ्या

माझी थुंकी स्वच्छ होईपर्यंत मला करुणाजवळ जायला मनाई होती. ती एका इमारतीत, मी दुसऱ्या. तिच्या पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाला वजन लटकवलं होतं. दिवसचे दिवस तसंच पडून राहायचं, पाच वर्षांच्या पोरीनं. शांता दोघांच्या मधून फिरायची. दवाखान्याच्या नळाला पाणी नसायचं. हातपंपावर रांग लावून ती दोन कळश्या आणायची, एक तिकडं, एक इकडं. कामावरचा खाडा पडायचा तेव्हा माय यायची. तक्रार कुणीच करत नव्हतं आणि मला तेच सहन होत नव्हतं.

अडीच महिन्यांनी मला परवानगी मिळाली. मी खाटेजवळ गेलो तर करुणा म्हणाली, "बाबा, मी चांगली चालले होते ना?" डॉक्टरबाईंनी मला बाहेर नेऊन बसवलं, पाणी दिलं.

पुढं दीड वर्ष आम्ही दोघांनी रोज सकाळी एकाच वेळी गोळ्या घेतल्या. समोरासमोर बसून. आधी ती, मग मी, आणि तोंड उघडून एकमेकांना दाखवायचं. त्या दीड वर्षात माझी एकही गोळी चुकली नाही, कारण समोर ती बसायची. ज्यांच्या घरी औषध चालू आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. एकट्यानं गोळी घेऊ नका. कुणालातरी समोर बसवा. बरं वाटायला लागलं की मन पळवाटा काढायला लागतं, तेव्हा कुणीतरी समोर लागतं.

मी पूर्ण बरा झालो. करुणा बरी झाली, पण डावा पाय आखडलेला आणि उजव्यापेक्षा दोन बोटांएवढा आखूड राहिला.

दुसऱ्याची छाती

प्रशिक्षकांनी खरंच जागा ठेवली होती. वर्षाची दोन वर्षं झाली तरी पत्र आलं. खेळायला उशीर झाला असेल तर पोरांना शिकवायला ये. मी पत्र शांतापुढं ठेवलं. ती म्हणाली, "आता ती चालतीया. जायचं तर जावा."

मुंबईला वैद्यकीय तपासणी होती. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की आजार गेला तरी फुफ्फुसावर वण राहतो आणि तिकडचे लोक तो वण बघून नाकारतात. तिथं दारातच एक एजंट भेटला. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि अगदी सहज म्हणाला, "सोप्पं आहे. फोटोला तुमच्या नावानं दुसरा माणूस उभा करू." बाजूला बाकावर एक धट्टाकट्टा माणूस पेपर वाचत बसला होता. त्याच्या छातीवर किती जण परदेशी गेले असतील कुणास ठाऊक. तो माझ्याकडं बघून ओळखीचं हसला.

मी लगेच नाही म्हणालो असं मी लिहिणार नाही. मी त्याच बाकावर अर्धा तास बसलो. मैदान दिसत होतं, प्रशिक्षकांचा आवाज ऐकू येत होता. फक्त एक फोटो. मग मी ठरवलं आणि स्वतःच आत जाऊन सदरा काढला. अर्जात 'पूर्वीचा आजार' या ओळीपुढं लिहिलं, टीबी, औषध पूर्ण केलं. संध्याकाळी कागद मिळाला. त्यावर नापास.

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. खरं बोललं की मन हलकं होतं असं लोक म्हणतात, माझं त्या दिवशी काही हलकं झालं नाही. लातूरला एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

सांगायचं राहिलेलं

शांता गेली त्याला चार वर्षं झाली. करुणा उदगीरला शिक्षिका आहे. हे लिहायचं मनात आलं तेव्हा मला कळलं की आधी तिला सांगायला हवं. कारण इतक्या वर्षांत मी तिला कधीच सांगितलं नव्हतं की तिचा आजार माझ्याकडून आला, आणि मी कार्डावर तिचं असणंच नाकारलं म्हणून तो वेळेत कळला नाही. लहान होती तेव्हा कळणार नाही म्हणून, मोठी झाली तेव्हा दुखावेल म्हणून, लग्न झालं तेव्हा आता कशाला म्हणून.

मे महिन्यात ती आपल्या मुलीला, सुमेधाला, घेऊन आली. सकाळी ती भाजी निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. अर्धापूर, सलीमभाई, ती रेघ. तळ्यात ओरडलो तेही.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मला ठाऊक हाय, बाबा. मी दहावीत होते तवाच आईनं सांगितलं."

"मग तू कधी बोलली नाहीस?"

"आई म्हणली, त्यांना सांगू दे. मी वाट बघून राहिले होते."

तिनं निवडलेली भाजी बाजूला ठेवली आणि हात पुसले.

"आता एक करा. सुमेधा मला सारखी इचारते, आई, तुझा पाय असा कामून. मी तिला सांगून ठेवलंय, लहानपणी झाडावरून पडले म्हणून. तुमचं नाव मधी नको म्हणून सांगितलं. पण आता तिला खरं सांगायचंय. ते मी न्हाई सांगणार. तुमी सांगा."

ती उठली आणि आत गेली. पाय जरा जास्तच ओढत गेली असं मला वाटलं, की मीच इतकी वर्षं नीट बघितलं नव्हतं, कोण जाणे. मी अंगणाकडं तोंड करून सुमेधाला हाक मारली. ती आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काय, आजोबा?"